घशाच्या तीन गोळ्या

संध्याकाळी सात-साडेसातची वेळ. मेडिकलच्या काउंटरवर चार-पाच जण उभे. कुणाला बीपीची गोळी हवी, कुणाला बाळाची पावडर. ऑफिसातून घरी निघालेले एक गृहस्थ गळा चिमटीत धरून, बसक्या आवाजात सांगतात, "कालपासून घसा धरलाय. जरा स्ट्राँग काहीतरी द्या." दुकानातला मुलगा मागच्या खणातून तीन गोळ्यांची पट्टी काढतो. "रोज एक, जेवणानंतर," म्हणत सर्दीच्या दोन गोळ्या कात्रीने कापून सोबत देतो. डॉक्टरची चिठ्ठी ना कुणी मागत, ना कुणी दाखवत. ताप आहे का, खोकला आहे का, नाक वाहते आहे का, काम कसले करता, रात्री जेवता किती वाजता, यातले काहीही विचारले जात नाही. दीड-दोन मिनिटांत व्यवहार संपतो. गृहस्थ तिथेच बाटलीतल्या पाण्याबरोबर पहिली गोळी घेऊन टाकतात.

ती गोळी बहुतेक वेळा ॲझिथ्रोमायसिनची असते, म्हणजे अँटिबायोटिक. आणि घसा कशाने धरला, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही.

खरे तर मराठी माणसाला घशाबद्दल नेमके बोलता येते. घसा खवखवतो, धरतो, सुकतो, टोचतो. घशाशी आंबट येते. ठसका लागतो. घोट गिळताना कळ येते. घशात गोळा अडकल्यासारखे वाटते. घसा बसतो, आवाज चिरकतो किंवा फुटतच नाही. भाषेने हे सगळे वेगवेगळे ठेवले आहे, कारण ती दुखणीच वेगवेगळी आहेत. खवखवणाऱ्या घशाचे कारण नाकात किंवा हवेत असू शकते, घशाशी येणाऱ्या आंबटाचे पोटात, बसलेल्या घशाचे वर्गखोलीत. कान देऊन ऐकणारा डॉक्टर या शब्दांवरूनच निम्मे निदान करतो. काउंटरवर मात्र हे सगळे शब्द एकाच पट्टीत कोंबले जातात. ही सवय मोडायला हवी, आणि ती नुसती रुग्णाला दोष देऊन मोडणार नाही.

या सवयीचा धोका ज्याने फार आधीच सांगितला, त्याने उदाहरणही घशाचेच घेतले होते. पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेल पुरस्काराच्या भाषणात एक कल्पित गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलीन विकत आणून घेतो, पण कमी घेतो. स्ट्रेप्टोकोकस जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. हेच शिकलेले जंतू त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन दिले जाते, ते लागू पडत नाही आणि ती दगावते. त्या काळी पेनिसिलीन सामान्य माणसाच्या हाती जेमतेम येऊ लागले होते. फ्लेमिंगना पुढचे दिसत होते.

त्यांच्या गोष्टीतल्या स्ट्रेप्टोकोकस कुळातला, घसा धरणारा मुख्य जिवाणू आजही पेनिसिलीनला शरण येतो. पण ॲझिथ्रोमायसिनच्या जातीच्या औषधांना दाद न देणारे त्याचे वाण अनेक देशांत सापडले आहेत. शिवाय गिळलेली गोळी घशापाशी थांबत नाही. आतड्यात आणि त्वचेवर राहणाऱ्या कोट्यवधी जिवाणूंपर्यंत ती पोचते आणि त्यांनाही शिकवून जाते. सहा महिन्यांनी त्याच माणसाला खरोखरच गंभीर संसर्ग झाला, तर हाताशी असायला हवे ते औषध बोथट झालेले असू शकते.

कायदा नाही असे नाही. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहेच. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' ही आणखी कडक अनुसूची लागू झाली. तिच्यातल्या औषधांसाठी विक्रेत्याने रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने पट्टीवरच्या उभ्या लाल रेघेची मोहीम काढली, की रेघ दिसली तर डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी घेऊ नका. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात एकदा हात घालून ती रेघ किती पट्ट्यांवर आहे आणि त्यातल्या किती चिठ्ठीवर आल्या, हे प्रत्येकाने मोजून पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे. अचानक घसा धरला, तर बहुतेक वेळा कारण विषाणू असतो, म्हणजे साध्या सर्दी-पडशाचाच भाऊबंद. विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही. नाक वाहते आहे, खोकला आहे, आवाज घोगरा झाला आहे, डोळे चुरचुरत आहेत, अशी सगळी फौज सोबत असेल तर विषाणूचीच शक्यता जास्त. तो आठवड्याभरात आपला आपण जातो. आणि गोची इथेच होते. गोळी घेतली, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरे वाटले, श्रेय गोळीला गेले. पुढच्या वेळी माणूस गोळीचे नाव घेऊनच दुकानात येतो, शेजाऱ्यालाही सांगतो. गोळी न घेता चौथ्या दिवशी बरा झालेला घसा कुणाच्या लक्षात राहत नाही.

जिवाणूचा घसा वेगळा दिसतो. खोकला आणि सर्दी नसते. ताप असतो, टॉन्सिल लाल होऊन त्यावर पांढरे ठिपके येतात, जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हे जास्त. यात मात्र अँटिबायोटिक हवेच, आणि इथे 'घसाच तर दुखतोय' म्हणून दुर्लक्ष करणे महागात पडते. उपचाराविना राहिलेल्या अशा घशानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना रुमॅटिक ताप येतो. सांधे सुजतात, एक सांधा बरा होतो तर दुसरा धरतो. सांधे पुढे मोकळे होतात, पण हृदयाच्या झडपांना झालेली इजा राहते. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत पंचविशी-तिशीत, कधी पहिल्या बाळंतपणात, धाप लागून आलेल्या बाईच्या आकुंचलेल्या झडपेचे मूळ असे शाळेच्या वयातल्या एखाद्या घशात निघते. तो घसा कुणाला आठवतही नसतो. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला पुढे वर्षानुवर्षे, दर तीन-चार आठवड्यांनी, पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते.

म्हणजे ज्याला औषध नको त्याला ते सर्रास मिळते आणि ज्या मुलाला पेनिसिलीनचा किंवा अमॉक्सिसिलिनचा दहा दिवसांचा पूर्ण कोर्स हवा, त्याच्या हातावर घरातल्या मोठ्यांच्या उरलेल्या दोन गोळ्या टेकवल्या जातात. घशात टॉर्च मारून बघायला डॉक्टरला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट वगळल्यामुळे ही उलटापालट होते.

जिवाणूमुळेच होणारा घशाचा दुसरा आजार म्हणजे घटसर्प. त्याचे नाव नव्या पिढीला फारसे माहीत नाही, ते लसीमुळे. घशात करडा-पांढरा पापुद्रा धरणारा, श्वास कोंडणारा हा आजार. त्याचे नावच सांगते की लोक त्याला किती भीत. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लस मिळते, पुढे दीड वर्षाच्या आसपास आणि पाचव्या-सहाव्या वर्षी बूस्टर. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या टीडीच्या डोसाकडे मात्र अनेक घरांत काणाडोळा होतो. तो चुकवू नये.

साध्या घशाला घरात काय करावे, हे आजीला विचारले तरी चालेल. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, गरम पेज किंवा कढण, आवाजाला विश्रांती, दुखणे जास्त असेल तर पॅरासिटामॉल. गुळण्यांना हसण्याचे कारण नाही. जपानमध्ये झालेली एक चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या पाण्याने रोज गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-घशाचा त्रास कमी झाला. आयोडीनयुक्त औषधाने गुळण्या करणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. मधाने खोकल्याची उबळ शमते, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून जिवाणूची विषबाधा होऊ शकते. ज्येष्ठमधाची काडी चघळल्याने घसा ओला राहतो, पण बीपी असलेल्याने रोज चघळत बसू नये, तिने रक्तदाब वाढतो. चिंचा-बोरे आणि बर्फाचा गोळा यांच्यावर मात्र पिढ्यानपिढ्या जास्तीचा आळ आला आहे. आंबटाने आधीच दुखरा घसा चुरचुरेल. पण सर्दी आणणारा विषाणू गारव्यातून जन्मत नाही, तो दुसऱ्या माणसाकडून येतो.

आणि ज्या घशात जंतूच नाही, त्याचे काय?

मुंबई-पुण्यात पाऊस ओसरला, की ऑक्टोबरपासून निम्मे शहर खाकरू लागते. पावसाने चार महिने खाली बसवलेली धूळ पुन्हा उठते. रस्ते खणलेले, जुन्या इमारती पाडलेल्या, नव्यांचे पाये चाललेले. बांधकामाच्या धुळीतले जाड कण नाकात आणि घशात अडकतात. तिथला ओलावा कोरडा पडतो आणि खवखव सुरू होते. बारीक कण त्याहून वाईट, ते फुप्फुसात उतरतात. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा इतकी बिघडली, की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. सत्तर मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे, बांधकामाला ओले हिरवे कापड, राडारोडा झाकून नेणे, साइटवरून बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुणे, पाण्याची फवारणी. नियम चांगले आहेत. संध्याकाळी एखाद्या साइटच्या फाटकाशी पाच मिनिटे उभे राहावे आणि बाहेर पडणाऱ्या डंपरची चाके बघावीत. चिखलाचे पट्टे रस्त्यावर किती लांब जातात, ते सकाळी वाळून कुणाच्या घशात जातात, हे तिथेच कळते. फाटकावरचा वॉचमन आणि समोरचा भाजीवाला यांनी महिनोन्महिने गोळ्या घेतल्या, तरी ती धूळ कमी होणार नाही.

ठसक्याची गोष्ट अशीच. कांडप केंद्रावर मिरची दळताना, किंवा घरात लाल मिरचीची फोडणी जळली की सगळे घर खोकते. मिरचीतले कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटते, तोच ग्राहक चटका बसल्याचीही खबर मेंदूला देतो. त्याचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. म्हणजे मिरचीने 'आग' होते हे आपण म्हणतो ते अक्षरशः खरे आहे. घरातला ठसका खिडकी उघडली की दहा मिनिटांत जातो. नंदुरबारच्या पथारींवर, जिथे मैदानेच्या मैदाने लाल मिरची वाळत पडलेली असते, तिथे देठ खुडणाऱ्या बायांना खिडकी नाही. त्या तोंडाला ओढणी नाहीतर जुने कापड घट्ट गुंडाळतात आणि दिवसभर बसतात. चांगला मास्क, हातमोजे आणि पाण्याची सोय ही तिथल्या मालकाची जबाबदारी आहे, आणि ती त्याच्याकडून करून घेणे हे सरकारी यंत्रणेचे काम आहे.

शहरी मध्यमवर्गाच्या घशाचे एक कारण त्याच्या ताटाच्या वेळेत दडलेले आहे. लोकलने, बसने घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात. जेवण दहाला, साडेदहाला आडवे. पोटातले आम्ल आणि पचनाचा रस वर सरकतो आणि स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला जाऊन लागतो. अन्ननलिकेला त्याची थोडीफार सवय असते, स्वरयंत्राला अजिबात नसते. छातीत जळजळ होईलच असे नाही, म्हणून पित्ताचा संशयही येत नाही. सकाळी उठल्यावर घोगरा आवाज, सतत खाकरावेसे वाटणे, घशात काहीतरी अडकल्याची भावना, इतकेच होते. माणूस दिवसभर खाकरत राहतो आणि त्या खाकरण्यानेच स्वरतंतू आणखी सुजतात. वर्षाला चार वेळा अँटिबायोटिक घेऊनही 'माझा घसाच नाजूक' म्हणणाऱ्यांत असे बरेच निघतात. जेवण आणि झोप यांत तीन तास, पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उंच, रात्रीचा चहा आणि सिगारेट बंद. हे पाळायला अवघड आहे, कारण ऑफिस आणि लोकल माणसाच्या हातात नाही. तरी गोळीपेक्षा हेच लागू पडते.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येते त्यांनी, काहींना घशात कोरडी गुदगुली आणि ढास लागते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरला सांगितले, की तो दुसऱ्या जातीची देतो.

बसलेल्या आवाजाबद्दल मात्र थांबून बोलायला हवे. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी यांतले काहीही घेणाऱ्याचा आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसून राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहिलेच पाहिजे. स्वरतंतूंच्या कर्करोगाची पहिली खूण अनेकदा एवढीच असते, आणि त्या टप्प्यावर तो बरा होण्याची शक्यता फार चांगली असते. मिश्री तर कित्येक घरांत व्यसनात धरलीच जात नाही. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बायका दात घासायच्या निमित्ताने दिवसातून तीन-चारदा लावतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पानटपरीवर तो मागितला की मिळतो. गिळताना घास अडकणे, थुंकीत रक्त, मानेत न दुखणारी गाठ, घशातून एकाच बाजूने कानात जाणारी कळ, हे दिसल्यावर लवंग चघळत एक दिवसही काढू नये. तसेच तोंड उघडता येत नसेल, लाळ गिळवत नसेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

आणि कसलेही व्यसन नसताना वर्षानुवर्षे आवाज बसतो तो शिक्षकांचा.

स्वरतंतू म्हणजे स्वरयंत्रातल्या दोन लहानशा घड्या. बाईच्या बोलण्यात त्या सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकींवर आपटतात. म्हणजे सलग एक मिनिट बोलण्यात १२,००० वेळा. जिवंत माणसाच्या घशात हे पहिल्यांदा नीट पाहिले ते डॉक्टरने नव्हे, गाणे शिकवणाऱ्या माणसाने. मॅन्युएल गार्सिया या गायन-शिक्षकाने १८५४ मध्ये दोन आरसे आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. गवई घशाला जपतो, रियाजाच्या आधी आवाज तापवतो, थकला की थांबतो. शिक्षिकेला यातले काहीच करता येत नाही.

जिल्हा परिषदेच्या एखाद्या छोट्या शाळेत डोकावून बघा. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. इयत्ता चार. म्हणजे एका बाईंकडे दोन वर्ग, बहुतेक वेळा एकाच खोलीत. पहिलीला बाराखडी म्हणायला लावायची आणि त्याच वेळी तिसरीला वजाबाकी समजावायची. वर पत्रे. जुलैत पाऊस लागला, की पत्र्यावरचा आवाज माणसाच्या आवाजावर मात करतो. बाई मान ताणून, खालच्या पट्टीतला आवाज सोडून वरच्या पट्टीत बोलू लागतात. खडूची धूळ आहेच. पाणी कमी पितात, कारण शाळेतले स्वच्छतागृह वापरण्यासारखे नसते. शनिवारी आवाज पूर्ण जातो. रविवारी थोडा परततो. सोमवारी परिपाठाला पुन्हा तेच. स्वरतंतूंवर हळूहळू घट्टे पडतात, जसे कुदळ चालवणाऱ्याच्या तळहाताला पडतात. बाई तालुक्याच्या मेडिकलमधून गोळ्या आणतात, गोळ्यांनी काही होत नाही. कुजबुजत बोलून आवाज वाचवायला जातात, त्यानेही घशाला विश्रांती मिळत नाही.

कुदळीने झालेल्या जखमेला कामावरची दुखापत म्हणायला कुणी कचरत नाही. मग बाईंच्या घशाला तसे का म्हणत नाहीत? निवडणुकीच्या कामाला, जनगणनेला, सर्वेक्षणाला शिक्षक हक्काने लागतो. ज्या अवयवावर त्याची नोकरी चालते त्याची तपासणी सेवाकाळात एकदाही होत नाही. दर दोन-तीन वर्षांनी शिक्षकांची स्वरयंत्राची तपासणी, डी.एड.-बी.एड.च्या अभ्यासक्रमात आवाज कसा वापरावा याचे चार तास, आवाज बसल्यावर संकोच न वाटता मागता येईल अशी वैद्यकीय रजा, ही मागणी फार मोठी नाही.

काही शिक्षिका आता स्वतःच्या पैशाने छोटा स्पीकर घेतात. कमरेला पट्ट्याने बांधायचा, डोक्यावरून माइक ओठांपाशी आणायचा. पहिल्या दिवशी मुले हसतात. चौथ्या दिवशी मागच्या बाकावरचा मुलगा सांगतो, की बाई, आता तुमचे सगळे ऐकू येते. शाळेला वर्षाला जे अनुदान मिळते त्यातून खडू, हजेरीपट, झाडू येतात. त्याच यादीत हा स्पीकर यायला हवा, पुढच्या जूनला शाळा उघडण्याआधी.